लिहून घेणाऱ्यांचा मुलूख

जळगाव स्टेशनात उतरताना साल ठरवून उतरा. या सफरीच्या तिकिटावर गाव छापलेलं असतं, वर्षाची जागा कोरी असते. ती तुम्ही भरायची. पहिल्या खेपेला सोपं साल घ्या, २०१२. मार्च संपत आलाय, म्हणजे खानदेशात उन्हाळा चांगलाच मुरलाय. रिक्षावाल्याला ‘जैन हिल्स’ म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. शिरसोली रस्त्यानं शहर मागे पडतं, टेकडी येते, ठिबकच्या नळ्यांवर पोसलेली झाडं येतात आणि मग ती दगडी, पसरट इमारत दिसते. गांधीतीर्थ. २५ मार्चला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील उद्घाटन करून गेल्यात. त्या याच जिल्ह्यातल्या, त्यामुळे चहाच्या टपरीवर अजून तोच विषय आहे.

आत गारवा आहे. वाकोदसारख्या खेड्यात जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी पाइप आणि ठिबक सिंचनात जे कमावलं, त्यातलं बरंच इथे ओतलंय आणि ते दिसतं. पडद्याला बोट लावलं की गांधीजींचं आयुष्य उलगडतं. राजकोट, लंडन, दक्षिण आफ्रिका, चंपारण. मला विचाराल तर हा गांधी जरा जास्तच गुळगुळीत झालाय. पण सहलीला आलेली शाळेची पोरं पडद्यांवर ज्या तऱ्हेनं तुटून पडतात, ते पाहिलं की तोंडाशी आलेली तक्रार गिळावी लागते. खरी श्रीमंती आतल्या दप्तरखान्यात आहे, जिथे जुने कागद निगुतीनं जपले जातात. पण तुमच्याकडे कोऱ्या सालाचं तिकीट आहे, मग कागदांवर कशाला थांबायचं?

१९३६ लिहा. डिसेंबर.

तापी ओलांडून तुम्ही फैजपुरात आहात. थंडी अशी की खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एखाद्या खेड्यात भरतंय. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, अधिवेशनाच्या वस्तीचं नाव टिळकनगर. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी सजावटीसाठी शहरातून काही मागवलेलं नाही. बांबू, चटया, गावात जे मिळतं तेच सामान. जो चित्रकार कलाभवनात शिकवतो, त्याचं काम इथे शेतातून थेट आलेला माणूस मान वर करून बघतोय, त्याखालून बैलगाडी हाकत जातोय. २५ डिसेंबरला गांधीजी खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन उघडतात. तुम्ही गर्दीत मागे आहात, नीट ऐकू येत नाही, कोणाचं तरी मुंडासं मध्ये येतंय. तरी एवढं कळतं की हे संग्रहालयच आहे. काही दिवसांनी बांबू सोडले जातील, चटया गुंडाळल्या जातील, आणि कपाटात ठेवायला काहीही उरणार नाही. टेकडीवरच्या त्या गार दालनांपेक्षा मला हे उघड्यावरचं आवडलं. पण दालनं टिकली आणि हे गेलं, हेही खरं.

आता साल तेच ठेवा, फक्त नदी पुन्हा ओलांडा. जुन्या जळगावात चौधरी वाड्याची गल्ली विचारा. पहाटेची वेळ गाठलीत तर विचारावंही लागणार नाही, जात्याच्या घरघरीवरून घर सापडेल. आत एक छप्पन्न वर्षांची विधवा बाई दळतेय. असोद्याची लेक, तेराव्या वर्षी या घरात सून म्हणून आली, तिशीत नवरा गेला. अक्षरओळख नाही. दळता दळता ती गातेय आणि ते गाणं तिचंच आहे, आत्ता, याच पिठाबरोबर बाहेर पडतंय. बाहेरचे लोक खानदेशातल्या साऱ्या बोलींना सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतात; इथे कानावर पडते ती लेवा गणबोली. अहिराणी ऐकायला धुळ्यापर्यंत दम धरा.

बाईंकडे बघून झालं असेल तर जरा बाजूला बघा. जो कोणी कागद घेऊन बसलाय, त्याच्याकडे. बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर हे जमेल तेव्हा, जमेल तसं टिपून घेत. जमेल तसं, हे महत्त्वाचं. शेतात निंदताना, वाटेनं चालताना, चुलीपुढे जी गाणी झाली आणि ज्या वेळी जवळ कोणी नव्हतं, ती हवेत गेली. तुम्हाला मोह होईल की खिशातलं पेन काढावं आणि आपणच लिहून घ्यावं. काढू नका, या सफरीचा तेवढाच एक नियम आहे. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई जातील, सोपानदेव ती वही आचार्य अत्र्यांपुढे धरतील आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक येईल. म्हणजे गाणारीनं स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही. पाहिलं असतं तरी वाचलं नसतं.

आज त्याच घरात ‘बहिणाई स्मृती’ आहे. रोजच्या वापरातल्या वस्तू, स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारं. इथे पडदे नाहीत, बोट लावायचं काही नाही, आणि पाच मिनिटांत सगळं बघून होतं. पाच मिनिटांत बाहेर पडू नका एवढंच.

दुपारची गाडी पकडा. पाचोरा मागे टाकून चाळीसगावला उतरा आणि साल घाला एकोणीसशे पन्नासच्या पुढचं कुठलंही. फरक पडत नाही, कारण ज्या घरात जायचंय तिथला माणूस वर्षानुवर्षं जवळपास बाहेर पडलेलाच नाही. स्टेशनच्या अगदी लगत दगडी बंगला आहे. आईवडिलांचा सोडावॉटरचा आणि दारूचा धंदा, मुलगा मात्र मुंबईत वाढलेला, इंग्लंडात शेफिल्डला कला शिकून आलेला. कैखुश्रू माणेकजी मूस. गाव त्यांना कैकी मूस म्हणतं.

दार उघडलं तर नशीब. आत टेबलावर एक सबंध देखावा मांडलेला आहे, हातभर रुंदीचा. काड्या म्हणजे झाडं, चिमूटभर काहीतरी म्हणजे जमीन, बाजूनं धरलेला एक दिवा म्हणजे मावळतीचं ऊन. ‘टेबलटॉप’ छायाचित्रण म्हणतात ते हेच. तुम्ही पुढे होऊन बघायला जाल तर ते हातानं मागे सारतील. तुमच्या श्वासानंही त्यातलं झाड हलायचं. मग कॅमेऱ्यातून बघायला देतील. तिथे टेबल नाही, दिवा नाही, फर्लांगभर पसरलेलं माळरान आहे आणि संध्याकाळ होत आलीय. घर न सोडणाऱ्या माणसानं घरातच क्षितिज तयार केलंय. चाळीसगावात बसून त्यांनी देशोदेशीच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली, शिवाय चित्रं काढली, शिल्पं घडवली, लाकडात काम केलं, सतार वाजवली.

रात्री थांबलात तर गाडीची गोष्ट ऐकायला मिळेलच. तरुणपणी मुंबईत मागे राहिलेल्या प्रेयसीनं कधीतरी येईन म्हणून शब्द दिला होता, आणि मूस रोज रात्री मेलच्या वेळेला दिवे लावून, दारं उघडून, दोघांचं जेवण मांडून वाट बघत, असं सांगतात. गावात ही गोष्ट त्यांच्या एकाही छायाचित्रापेक्षा जास्त माहीत आहे, याचा मला जरा राग आहे. वाट बघणारे पुष्कळ असतात हो, टेबलावर माळरान उभं करणारा एकच होता. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. त्यांच्यामागे हे घर, त्यातल्या प्रतिमा आणि सामान सांभाळायला इथल्या माणसांनी विश्वस्त संस्था केली, म्हणून आज तुम्ही त्या खोल्यांतून फिरू शकता. ३१ डिसेंबर ही तारीख लक्षात असू द्या. धुळ्यात ती पुन्हा भेटणार आहे.

पण धुळ्याची गाडी लगेच धरू नका. आधी दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवीला. खानदेशात विज्ञानाचं संग्रहालय कुठे, असं कोणी विचारलं तर मी इथलं नाव सांगतो आणि विचारणारा माझ्याकडे चमकून बघतो. कारण इथे जंगल आहे, देवीचं देऊळ आहे, हेमाडपंती महादेव आहे, पावसाळ्यात धबधबे आहेत. यंत्रं नाहीत, दुर्बीण नाही. तिकिटावर १२०७ लिहा आणि श्रावणी पौर्णिमा गाठा, मग कळेल.

डोंगर हिरवाकंच झालाय, पायाखाली चिखल आहे. गावाचं नाव पाटण, आणि ते भलतंच गजबजलेलं आहे. बैलांवर लादलेला माल, सुपाऱ्यांची पोती, तेलाचे घाणे. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची इथे सत्ता आहे. रात्री मात्र सगळ्यांच्या माना वर आहेत. ग्रहण लागणार आहे. गावकरी घाबरलेले, आंघोळीच्या तयारीत. आणि एका बाजूला, मठाच्या अंगणात, काही तरुण मुलं अजिबात न घाबरता उभी आहेत. त्यांना स्पर्श कधी आणि मोक्ष कधी हे आधीच ठाऊक आहे. चंद्र किती अंतरावर, पृथ्वीची सावली तिथे किती रुंद, दोन्हींच्या गतींत फरक किती, हे त्यांनी पाटीवर मांडून काढलंय. हिशेब ज्या ग्रंथावरून केला तो ‘सिद्धान्तशिरोमणी’, भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये लिहिलेला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचेच चार भाग.

भास्कराचार्य आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजाच्या बोलावण्यावरून राजधानीला गेला होता. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या चांगदेवानं हा मठ काढलाय तो एवढ्याचसाठी, की आजोबांचे ग्रंथ इथे शिकवले जावेत. आजोबांचं गणित विसरलं जाऊ नये म्हणून नातवानं शाळा काढणं, हे आठशे वर्षांपूर्वीचं आहे हे जरा मनात घोळवा.

चंद्राची कड काळी पडायला लागते. त्याच वेळी निकुंभांचा सोइदेव पुढे होतो आणि सगळ्या लोकांदेखत हातावर पाणी सोडून मठाला दान देतो. काय काय दिलं ते पुढे दगडावर कोरलं जाणार आहे. सुरुवात संस्कृतात, आणि जिथे खरा व्यवहार येतो तिथे मराठीत. बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा, गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. तुम्ही त्या अंधारलेल्या चांदण्यात उभं राहून हे ऐकता तेव्हा ध्यानात येतं की ज्या मुलांनी आत्ता ग्रहणाची वेळ बरोबर सांगितली, त्यांच्या दिव्यातलं तेल तेल्याच्या घाण्यातून येणार आहे. विद्यापीठ अनुदानावर चालतं, हे तेव्हाही खरं होतं. पळी भरून घातली की अर्धी, यावरून तेव्हाही भांडणं झाली असतील.

मठ गेला, बाजार गेला, पाटण ओस पडून जंगलानं गिळलं. दगड राहिला. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांपुढे ठेवला, म्हणून भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी आज सांगता येते. भास्कराचार्य नेमके कुठले, यावर अजूनही वाद रंगतात आणि चाळीसगावकरांपुढे दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव काढण्यात अर्थ नसतो.

डोंगर उतरण्यापूर्वी एकच उडी मारा, मोठी. तिकिटावर पंचवीस हजार वर्षांपूर्वी असं लिहायला जागा पुरणार नाही, तरी लिहा. याच पाटण्याच्या परिसरात पुरातत्त्वज्ञ स. अ. साळी यांनी १९७० नंतर उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचांचे मणी निघाले, आणि एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी. हो, खानदेशात शहामृग होते. तुम्ही ज्या माणसासमोर उकिडवे बसलाय तो गारगोटीच्या बारीक पात्यानं त्या कवचावर रेघा ओढतोय. पोटासाठी याचा काही उपयोग नाही. अंडं खाऊन झालंय. त्यानं वर बघितलं तर काय बोलणार, म्हणून तुम्हीच आधी निघता.

चाळीसगाव–धुळे फाटा १९०० मध्ये सुरू झाला. कोळशाच्या इंजिनाची गाडी घ्या. डोळ्यात कण जाईल, पण कपाशीच्या शेतांमधून धुळ्याला जायची ती योग्य चाल आहे. धुळ्यात उतरलात की रस्ते सरळ. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार बघायला आला तेव्हा त्यानं शहराची आखणी केली, आणि धुळेकर आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. इथे आता कानावर अहिराणी पडेल. आधी शेवभाजी किंवा कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटात जाऊ द्या. पुढचा मुक्काम तुरुंगात आहे.

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याचं जेल सत्याग्रह्यांनी भरलंय. विनोबा गीतेवर बोलायला बसलेत. आज पहिला अध्याय. दर रविवारी एक, असं करत १९ जूनला अठरावा होईल. तुम्ही कैद्यांमध्ये दाटीवाटीनं मांडी घातलीय. सगळे विनोबांकडे बघतात, तुम्ही मात्र आता सवयीनं बाजूला बघता. तिथे अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून आलेले पांडुरंग सदाशिव साने खाली मान घालून लिहितायत. समोरचा माणूस थांबत नाही, त्यामुळे यांनाही थांबता येत नाही. अध्याय संपतो, कैदी उठून पांगतात, साने गुरुजींची मान अजून खालीच आहे, राहिलेलं आठवून पुरं करतायत. पुढे ‘गीता प्रवचने’ किती भाषांत गेलं ते तुम्हाला माहीत आहे. बोललेलं विनोबांचं, पण एका रविवारी जरी साने गुरुजींना ताप आला असता तरी एक अध्याय गेला असता. या जागेला संग्रहालय म्हणावं की नाही, ते तुरुंगखात्याला विचारा.

बाहेर पडून समर्थ वाग्देवता मंदिरात या. हे देऊळ म्हणावं तर आतल्या मूर्तीपेक्षा पोथ्याच जास्त. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली, मग रामदासी मठांच्या वाटा तुडवल्या. मठामठांतली बाडं उघडायला लावली. मठपती कोणालाही बाड दाखवत नाहीत. बसावं लागतं, जेवावं लागतं, पुन्हा यावं लागतं. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातचा दासबोध मिळाला, तो देवांनी छापून काढला. समर्थ सांगत आणि कल्याण लिहून घेत, ही शिवथरघळीची कथा आपल्याला पाठ आहे. आणि इथे कपाटाशी वाका: वाल्मीकि रामायणाची पोथी, खुद्द समर्थांच्या हातची. अक्षर ठसठशीत, ओळी सरळ. ज्यांच्यासाठी कल्याण आयुष्यभर लिहीत बसला, ते स्वतः तरुणपणी दुसऱ्याचा ग्रंथ ओळीमागून ओळ उतरवून घेत होते. नक्कल करणाऱ्याला आपण आज कारकून म्हणतो, जरा चुकतंच आपलं.

शेवटचं साल भरा. १९२६, आणि तारीख ती, मघाची. ३१ डिसेंबर.

धुळ्यातल्या एका खोलीत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गेलेत. १८९८ मध्ये पानिपतच्या काळातल्या पत्रांचा खंड काढून त्यांनी सुरुवात केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड झाले. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं आणि मग त्याच मंडळींशी त्यांचं फाटलं. राजवाड्यांचं कोणाशी फाटलं नाही असं एक नाव सांगा. गावोगाव पायी हिंडून, माळ्यांवरून, कोनाड्यांतून, कधी किराणा दुकानाच्या वाटेवर असलेले कागद त्यांनी उचलले. आयुष्यभर दुसऱ्यांची दप्तरं गोळा करणाऱ्या माणसाचं दप्तर आता कोण सांभाळणार? पुणं दूर आहे, आणि पुण्याशी वाकडं आहे.

नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ ला, धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ निघतं. भास्कर वामन भट आणि त्यांचे सोबती. नऊ दिवस म्हणजे दिवसकार्यही उरकलेलं नसतं. पुढच्या काळात इथे ताम्रपट येतील, नाणी येतील, खानदेशातल्या पडक्या देवळांतल्या मूर्ती येतील, लघुचित्रं येतील, आणि लोक त्याला वस्तुसंग्रहालय म्हणायला लागतील. आत्ता फक्त कागद आहेत, कापडी रुमालांत बांधलेले, आणि वाळवीची धास्ती आहे.

तुम्ही दारात घोटाळताय तेवढ्यात आतून एक तरुण बाहेर येतो, बाह्या दुमडलेल्या, बोटं धुळीनं करडी.

“दादा, मोडी येते का?”

“नाही.”

“बरं. मग वाचायचं काम मी करतो. तुम्ही हा रुमाल सोडा. शिक्का असलेले कागद उजवीकडे, बिनशिक्क्याचे डावीकडे. पुसायचं नाही, फुंकायचं नाही, घडी उलगडायची नाही.”

“फाटका निघाला तर?”

“तो सगळ्यांत आधी माझ्याकडे.”